अमेरिकेत इक्वाइन सायन्स शिकवायचंय? व्हेटरनरी-अ‍ॅग्रीवाल्यांसाठी पहिल्यापासून सगळं

इक्वाइन सायन्स म्हणजे घोड्यांचं शास्त्र. ते अमेरिकेत शिकवायचं कसं, याबद्दल व्हेटरनरीच्या शेवटच्या वर्षातल्या किंवा नुकतीच इंटर्नशिप संपवलेल्या मुलामुलींचे मला मेसेज येतात, आणि त्यात प्रश्न साधारण दोनच असतात. एक, "मॅडम, घोडेस्वारी येत नाही, चालेल का?" आणि दुसरा, "तिकडे व्हेटचं लायसन्स नाही मिळालं तर निदान प्रोफेसर होता येईल का?" दोन्हीला उत्तर हो आहे, पण दोन्हीत गाडी भलत्याच बाजूने सुरू केलीय. डिपार्टमेंट घोड्यांच्या जागेसाठी माणूस शोधतं तेव्हा त्यांना असं कुणीतरी हवं असतं जे वीस-पंचवीस पोरांना पाचशे किलोच्या जनावराभोवती उभं करेल, कुणाचा पाय चिरडू न देता दोन तास नीट शिकवेल, आणि मग उरलेल्या वेळात संशोधन करेल. पेपर, डिग्री, स्वारी हे सगळं लागतंच, पण ते या एका गोष्टीभोवती लागतं. त्यामुळे खालच्या प्रत्येक पायरीला स्वतःला विचारत राहा की याने मी घोड्यांसोबत माणसं शिकवू शकते/शकतो हे दिसतंय का.

ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलियातही हा विषय चांगला शिकवतात, पण तिथल्या पद्धती वेगळ्या आहेत. मी ज्या वाटेने आले ती अमेरिकेची, तेवढीच सांगते.

१. आधी दोन वाटा वेगळ्या करा

अमेरिकन विद्यापीठात घोडे दोन ठिकाणी असतात आणि आपल्याकडून येणारी जवळजवळ सगळी मुलं इथेच गोंधळतात.

पहिलं ठिकाण म्हणजे व्हेटरनरी कॉलेज. तिथे घोडा पेशंट असतो. तिथे क्लिनिकमध्ये शिकवायचं तर रेसिडेन्सी, बोर्ड सर्टिफिकेशन वगैरे लागतं, आणि आपल्या बी.व्ही.एस्सी. वर प्रॅक्टिसचं लायसन्स हवं असेल तर ईसीएफव्हीजी किंवा पेव्ह यातला एक, परदेशी व्हेट डिग्री तपासणारा कार्यक्रम पूर्ण करून मग नॅव्हली ही परीक्षा द्यावी लागते. ती वाट लांब आहे, महाग आहे, आणि हा लेख तिच्याबद्दल नाही.

दुसरं ठिकाण म्हणजे कृषी महाविद्यालयातलं अ‍ॅनिमल सायन्स डिपार्टमेंट. इथे घोड्याचा आहार, प्रजनन, व्यायामाचं शरीरशास्त्र, वागणूक, तबेल्याचं आणि फार्मचं व्यवस्थापन हे विषय. शिकवायला पीएचडी लागते (काही जागांना मास्टर्स पुरतं, ते पुढे येईल), लायसन्सची गरज नाही. बी.एस्सी. अ‍ॅग्री किंवा साधं बी.एस्सी. झूलॉजी झालेलेही इथे येऊ शकतात, फक्त बायोकेमिस्ट्री आणि स्टॅटिस्टिक्स चांगलं हवं.

हे डिपार्टमेंट कृषी कॉलेजात का, तर १८६२ च्या मॉरिल कायद्याने शेती आणि यंत्रविद्या शिकवायला जी लँड-ग्रँट विद्यापीठं उभी राहिली त्यातून ही सगळी परंपरा आली. पुढे १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने एक्स्टेन्शनची भर पडली, म्हणजे विद्यापीठातलं ज्ञान गावातल्या शेतकऱ्यापर्यंत आणि घोडेवाल्यापर्यंत पोचवायचं काम. म्हणून नोकरीचे तीन भाग असतात, टीचिंग, रिसर्च, एक्स्टेन्शन. तिसरा भाग आपल्याकडे कुणाला माहीतच नसतो. २००१ मध्ये केंटकीत घोड्या गाभडायला लागल्या, अगदी मोठमोठ्या स्टड फार्मवर, आणि शेवटी धागा एका सुरवंटापर्यंत गेला (ईस्टर्न टेंट कॅटरपिलर, तिकडच्या चेरीच्या झाडांवर जाळी करतो तो). अशा वेळी घाबरलेल्या फार्मवाल्यांना आज कुरणात काय करायचं आणि काय नाही हे रोजच्या रोज सांगणारी माणसं एक्स्टेन्शनची.

आता प्रोग्रामही एकसारखे नसतात. युनिव्हर्सिटी ऑफ केंटकीत डिग्रीचं नावच इक्वाइन सायन्स अँड मॅनेजमेंट आहे आणि त्याच कॅम्पसवर ग्लक इक्वाइन रिसर्च सेंटर आहे, म्हणजे विज्ञानाकडे वजन. तिथून तासाभरावर लुईव्हिलला इक्वाइन इंडस्ट्री प्रोग्राम चक्क बिझनेस कॉलेजात आहे. अ‍ॅरिझोनात रेसट्रॅक इंडस्ट्रीचा वेगळा प्रोग्राम. मिडल टेनेसी स्टेटला हॉर्स सायन्स, मास्टर्सपर्यंत. कोलोरॅडो स्टेट, टेक्सास ए अँड एम, मिशिगन स्टेट, रटगर्स इथे घोड्यांचं जुनं काम आहे. आणि विल्यम वूड्स किंवा फिंडले यांसारखी खासगी विद्यापीठं, तिथे स्वारी आणि ट्रेनिंगवर भर. तुम्हाला स्वारी येत नसेल तर शेवटच्या प्रकारात नोकरी शोधू नका, एवढा साधा हिशेब आहे.

२. निघायच्या आधी महाराष्ट्रातच घोड्यात हात घाला

आपला व्हेटरनरीचा अभ्यासक्रम गाय, म्हैस, शेळी, कोंबडी आणि थोडे कुत्रे. घोडा पुस्तकात भेटतो. आणि अमेरिकेतला गाईड सीव्ही उघडून पहिल्यांदा हेच बघतो की याने घोडा हाताळलाय का.

सुदैवाने आपल्याकडे जागा कमी नाहीत. रेसचा हंगाम मुंबईत हिवाळ्यात आणि पुण्यात पावसाळ्यात असतो, तिथल्या तबेल्यात काम करणाऱ्या व्हेटबरोबर फिरायची परवानगी मागा. पुण्याच्या आसपास स्टड फार्म आहेत, जानेवारी ते एप्रिलमध्ये शिंगरं जन्मतात तेव्हा रात्री जागायला माणसं हवीच असतात. हिसारला आयसीएआरचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे, त्यांचंच दुसरं ठिकाण बिकानेरला, तिथे ट्रेनिंगसाठी किंवा एम.व्ही.एस्सी.च्या कामासाठी विचारून बघा. दत्त जयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात दोन दिवस नुसतं फिरलात, दात बघून वय सांगणाऱ्या व्यापाऱ्यांशेजारी उभे राहिलात, तरी खूप शिकाल. आणि माथेरान! तिथे मोटारी नाहीत, माणसं आणि सामान घोड्यावर. काम करणाऱ्या घोड्यांच्या पाठीचे व्रण, टापांची अवस्था, पाणी किती वेळाने मिळतं, यावर कुणी नीट नोंदी ठेवल्या तर तो आख्खा वेल्फेअर प्रोजेक्ट आहे, आणि असं काम अमेरिकेतल्या अर्जदाराकडे नसतं. भीमथडी घोड्याची आता स्वतंत्र ब्रीड म्हणून नोंद झालीय, त्यावरही करण्यासारखं भरपूर आहे.

काय शिकायचं:

- हॉल्टर घालणं, डाव्या बाजूने चालवणं, ओढल्यावर झटकन सुटेल अशी गाठ मारून बांधणं
- खरारा, चारही टापा उचलून साफ करणं, नालबंद काम करताना पाय धरून उभं राहणं
- ताप, नाडी, श्वास मोजणं. मोठ्या घोड्याची नाडी विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, ताप साधारण ३७.५ ते ३८.५ सेल्सिअस
- चंदी-वैरण डब्याने नाही, वजनाने मोजणं. एक डबा ओट्स आणि एक डबा मका यांचं वजन एक नसतं, आणि पोटदुखी इथूनच सुरू होते
- हेनेकी बॉडी कंडिशन स्कोअर. घोडा किती बारीक की जाड हे सांगणारी, टेक्सास ए अँड एमला १९८३ मध्ये तयार झालेली १ ते ९ ची मोजपट्टी, तिकडे शाळकरी पोरांनाही येते

स्वारीचं विचाराल तर कुठल्याही क्लबात दुडकी आणि सावकाश कँटरपर्यंत शिकून घ्या. चॅम्पियन व्हायचं नाहीये, पण विद्यार्थी खोगिराची फिटिंग विचारतात तेव्हा कधी खोगिरावर बसलेलाच नाही असा शिक्षक त्यांच्या लगेच लक्षात येतो.

आणि एक गोष्ट मनाची तयारी म्हणून सांगते. आपल्याकडे डॉक्टर येतो, मोतद्दार घोडा धरतो, डॉक्टर सुई टोचतो आणि जातो. तिकडे मोतद्दार नाही. लीद काढणारे विद्यार्थी आणि प्रोफेसर, गवताच्या गठ्ठ्या उचलणारे तेच. त्यामुळे मोतद्दार मामांकडून जे शिकता येईल ते इथेच शिकून घ्या, घोड्याचा कान मागे गेला की पाय कुठे येणार हे त्यांच्याइतकं कुठलंच पुस्तक सांगत नाही. सगळ्याची वही ठेवा, तारीख, जागा, किती तास, काय केलं. सीव्हीत "घोड्यांची आवड" लिहिण्यापेक्षा "थरोब्रेड घोड्यांसोबत इतके तास, ही कामं" असं लिहिलं की माणूस पुढे वाचतो.

३. गाईड शोधणं, म्हणजे खरी अ‍ॅडमिशन

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची म्हणून इथे जरा थांबते.

अमेरिकेत मास्टर्स-पीएचडीला फॉर्म भरला, मार्क चांगले, म्हणून सीट मिळाली असं घोड्यांच्या विषयात होत नाही. एका प्रोफेसरने "हो, मी घेते" म्हणायला लागतं आणि तिच्याकडे पैसे असायला लागतात. आणि घोड्यांच्या संशोधनात पैसा कमीच. घोडा तिकडे शेतीच्या जनावरांत मोजतात पण तो कुणी खात नाही, त्यामुळे अन्नसुरक्षेच्या नावाने येणारी मोठी सरकारी ग्रँट गाय-डुक्कर-कोंबडीकडे जाते. घोड्याच्या वाट्याला ग्रेसन-जॉकी क्लब रिसर्च फाउंडेशन, मॉरिस अ‍ॅनिमल फाउंडेशन, अमेरिकन क्वार्टर हॉर्सवाल्यांचं फाउंडेशन, आणि चारा-पूरक आहाराच्या कंपन्या. म्हणून एका गाईडकडे विद्यार्थी थोडेच, आणि त्यातही बऱ्याच जणांचा खर्च टीचिंग असिस्टंटशिपवर (शिकवायला मदत करायची, त्याचा मोबदला मिळतो) चालतो. हे ऐकून नाराज होऊ नका, शिकवायचंय ना? मग टीचिंग असिस्टंटशिप म्हणजे तुमचं शिक्षणच.

कसं शोधायचं: इक्वाइन सायन्स सोसायटीचं सिम्पोझियम दर दोन वर्षांनी, विषम वर्षात होतं आणि त्याचे अ‍ॅबस्ट्रॅक्ट जर्नल ऑफ इक्वाइन व्हेटरनरी सायन्समध्ये छापून येतात. मागच्या दोन-तीन सिम्पोझियमचे अ‍ॅबस्ट्रॅक्ट काढा, विषय आवडेल तिथे शेवटचं नाव बघा, ते बहुतेक गाईडचं. मग डिपार्टमेंटच्या पानावर जाऊन बघा की त्या व्यक्तीकडे आता विद्यार्थी आहेत का, आणि तिचे आधीचे विद्यार्थी कुठे गेले. तिचे विद्यार्थी कॉलेजात शिकवायला लागलेले दिसले तर ती जागा तुमच्यासाठी. सगळेच खाद्य कंपनीत गेलेले दिसले तर तेही चांगलं, पण तुमची वाट ती नाही.

ईमेल छोटी. तुम्ही कोण, तिचा कुठला अमुक अभ्यास वाचला आणि त्यातलं काय पटलं किंवा प्रश्न पडला, घोड्यांचे तास किती, शिकवण्याचा काही अनुभव (शाळेत, क्लासमध्ये, गावात पशुपालकांच्या शिबिरात, काहीही), आणि पुढच्या फॉलसाठी (ऑगस्टमध्ये सुरू होणारं सेमिस्टर) जागा आहे का. बस. सीव्ही जोडा. "रिस्पेक्टेड सर" ने सुरू होणारं एकच पत्र पन्नास जणांना पाठवू नका, त्यातल्या निम्म्या बायका असतात आणि त्या एकमेकींना ओळखतात, हे जग फार छोटं आहे. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, मग सोडून द्या. पुढच्या ऑगस्टमध्ये जायचं असेल तर या ईमेल आदल्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जायला हव्यात.

थेट पीएचडी की आधी मास्टर्स? माझं मत विचाराल तर थिसिस असलेलं एम.एस. आधी. घोड्यांचे प्रयोग कसे होतात ते कळतं, गाईडलाही तुम्ही कळता, आणि मास्टर्सवरच लेक्चरर किंवा इन्स्ट्रक्टरच्या जागा मिळू शकतात. फक्त थिसिस नसलेलं, स्वतःच्या पैशाने करायचं मास्टर्स घेऊ नका, त्यावर कर्ज काढून बसलेली मुलं बघितलीत.

४. अर्जाची कागदपत्रं

- सगळ्या सेमिस्टरच्या ट्रान्सक्रिप्ट. विद्यापीठातून सीलबंद पाकीट किंवा ऑनलाइन पाठवायला वेळ लागतो, दोन महिने आधी अर्ज टाका
- क्रेडेन्शियल इव्हॅल्युएशन (डब्ल्यूईएस वगैरे), पण फक्त विद्यापीठाने मागितलं तरच, उगाच पैसे घालवू नका
- टोफेल किंवा आयईएल्टीएस. स्पीकिंगचा स्कोअर वेगळा बघतात, कारण टीचिंग असिस्टंट व्हायला बऱ्याच ठिकाणी बोलण्याच्या इंग्रजीची अट असते
- जीआरई: खूप डिपार्टमेंटनी काढून टाकलीय, आधी बघा मग फी भरा
- स्टेटमेंट ऑफ पर्पज, दोन पानं
- तीन शिफारसपत्रं. एक तरी अशा माणसाचं हवं ज्याने तुम्हाला घोड्यासोबत काम करताना बघितलंय. विभागप्रमुखांच्या सहीचं तीन ओळींचं छापील पत्र काही कामाचं नाही
- पासपोर्ट, आर्थिक कागदपत्रं, आणि धनुर्वाताची लस घेतल्याची नोंद. घोड्यासोबत काम म्हणजे धनुर्वात विसरायचा नाही

दहाच्या स्केलवरचा सीजीपीए चारच्या स्केलवर स्वतः फिरवू नका. जसा आहे तसा लिहा.

५. व्हिसातले खड्डे

दोनच सांगते, पण दोन्ही मोठे.

पहिला: आय-२० वर (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो फॉर्म) तुमच्या कोर्सचा एक कोड असतो. अ‍ॅनिमल सायन्सेसचा ०१.०९०१, आणि तो स्टेमच्या (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) यादीत आहे, म्हणजे शिक्षणानंतर बारा महिन्यांच्या ओपीटीवर (विद्यार्थी व्हिसावरच काम करायची परवानगी) आणखी चोवीस महिने मिळू शकतात. घोड्यांच्या कोर्सला मात्र वेगळा कोड आहे, ०१.०३०७, तो हॉर्स हज्बंड्री म्हणून मोजतात. संशोधन तेच, तबेला तोच, पण कोडमुळे दोन वर्षांचा फरक पडू शकतो. अ‍ॅडमिशन स्वीकारायच्या आधी इंटरनॅशनल ऑफिसला स्पष्ट विचारा की माझ्या आय-२० वर कुठला कोड येणार आणि तो स्टेममध्ये धरतात का.

दुसरा खास घोडेवाल्यांचा. तुम्ही तिथे पोचलात की महिनाभरात कुणीतरी भला माणूस म्हणेल, शनिवारी माझ्या फार्मवर ये, स्टॉल साफ कर, बदल्यात फुकट स्वारी शीक. घोड्यांच्या जगात ही रीतच आहे, अमेरिकन पोरं सर्रास करतात. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर तुम्ही करायचं नाही. कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय काम नाही, आणि मोबदला म्हणजे फक्त रोख पैसे असं नसतं, फुकट लेसन हाही मोबदला धरला जाऊ शकतो. करायचंच असेल तर सीपीटीतून (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून कामाची परवानगी), कागदावर, क्रेडिट घेऊन. कॅम्पसवर सेमिस्टरमध्ये आठवड्याला वीस तासांची मर्यादा असते आणि असिस्टंटशिप बहुतेक तेवढे तास खाऊन टाकते.

६. पीएचडीत असताना काय काय जमवायचं

पहिल्याच महिन्यात प्राण्यांवरच्या प्रयोगाची ट्रेनिंग करून टाका आणि आयएसीयूसी ही जी परवानगी समिती असते तिचा प्रोटोकॉल वाचायला शिका. मंजुरीशिवाय घोड्याचं रक्तसुद्धा काढता येत नाही, आणि मंजुरीला वेळ लागतो. तिकडे प्रयोग कॅलेंडरवर चालतात: घोडी साधारण ३४० दिवस गाभण असते, म्हणजे प्रजननाचं काही करायचं तर एक वसंत हुकला की वर्ष गेलं.

घोडे कमी, महाग, आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. त्यामुळे सहा-आठ घोड्यांवर लॅटिन स्क्वेअर किंवा क्रॉसओव्हर डिझाइन, म्हणजे प्रत्येक घोडा आळीपाळीने प्रत्येक आहार खातो आणि स्वतःशीच त्याची तुलना होते. याचं स्टॅटिस्टिक्स पक्कं करा. नोकरीच्या सेमिनारमध्ये "फक्त सहाच घोडे का?" हा प्रश्न येणारच आणि त्याचं उत्तर घाबरत द्यायचं नसतं.

शिकवण्याचं मात्र जितकं मिळेल तितकं घ्या. लॅब सेक्शन घ्या, मग गाईडच्या मागे लागून एखादं लेक्चर, मग शेवटच्या वर्षी एक पूर्ण कोर्स तुमच्या नावावर. नुसत्या असिस्टंटशिपपेक्षा "इन्स्ट्रक्टर ऑफ रेकॉर्ड" ही ओळ सीव्हीवर जड असते. विद्यार्थ्यांचे अभिप्राय, तुम्ही बनवलेल्या क्विझ, लॅबच्या सुरक्षेचे नियम, सगळं एका फोल्डरमध्ये टाकत जा. बहुतेक विद्यापीठांत कॉलेज टीचिंगचं छोटं सर्टिफिकेट असतं, तेही करा.

सुरुवातीला आपल्याला एक अडचण येते. वर्गातल्या मुली (हो, बहुतेक मुलीच असतात) लहानपणापासून फोर-एच या मुलांच्या क्लबमध्ये घोडे सांभाळत आलेल्या, त्यांना वाटतं या बाईंना काय येतं. त्यांच्याशी स्वारीत स्पर्धा करू नका. त्यांना कुरणातल्या गवताचं रिपोर्ट वाचायला द्या आणि ५०० किलोच्या निवांत घोड्याला दिवसाला साधारण १६.७ मेगाकॅलरी लागतात (अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलची, म्हणजे एनआरसीची, २००७ ची कोष्टकं), तर या गवतातून किती मिळाल्या आणि वरचं धान्य कशाला देताय, हे काढायला लावा. अर्ध्या जणी पुढच्या आठवड्यात स्वतःच्या घोड्याचं धान्य कमी करून येतात. तिथून पुढे तुमचं ऐकतात.

याशिवाय हॉर्स जजिंग टीमला मदत करा, तिथे घोड्यांना क्रम लावून त्याची कारणं तोंडी सांगायची असतात, त्याने तुमचंही इंग्रजी आणि नजर दोन्ही सुधारतं. आयएचएसए म्हणजे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, १९६७ पासून चालू, यात मुलं स्वतःचा घोडा आणत नाहीत, यजमान कॉलेजच्या घोड्यांतून चिठ्ठीने मिळेल त्यावर बसतात. एखाद्या शोला तबेल्यामागची व्यवस्था सांभाळून बघा. आणि एक्स्टेन्शन: काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) ऑफिसात संध्याकाळी पंधरा घोडेमालकांसमोर कुरणाची निगा या विषयावर बोलणं. वर्षातून दोन-तीनदा असं केलंत तरी नोकरीच्या अर्जात एक वेगळा परिच्छेद होतो जो बाकीच्या उमेदवारांकडे नसतो.

संघटना: इक्वाइन सायन्स सोसायटी, अमेरिकन सोसायटी ऑफ अ‍ॅनिमल सायन्स, आणि शिकवणाऱ्यांसाठी एनएईएए आणि एनएसीटीए. विद्यार्थी असताना फी कमी असते.

७. जाहिरात वाचायची कशी

जागा बहुतेक शरद ऋतूत निघतात, ऑगस्ट ते डिसेंबर, पुढच्या ऑगस्टपासून रुजू होण्यासाठी. वाचताना हे बघा:

टक्केवारी. "६० टीचिंग, ४० एक्स्टेन्शन" म्हणजे संशोधन तुम्ही रात्री करायचं. "७० रिसर्च" म्हणजे ग्रँट आणा नाहीतर अवघड आहे.

पदाचं नाव. असिस्टंट प्रोफेसर, टेन्युअर-ट्रॅक: साधारण सहाव्या वर्षी कायम करायचं की नाही हे ठरतं. लेक्चरर, इन्स्ट्रक्टर, प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस: मुख्यतः शिकवणं, करार दरवर्षी किंवा काही वर्षांचा. दुसऱ्या प्रकाराला कमी लेखू नका, घोड्यांच्या प्रोग्राममध्ये विद्यार्थ्यांना खरं घडवणारी माणसं तिथेच असतात, पण व्हिसाच्या दृष्टीने पहिला प्रकार सोपा जातो.

नऊ महिने की बारा. नऊ महिन्यांचा पगार असेल आणि घोडे मात्र बारा महिने खात असतील, तर उन्हाळ्यात तबेला कोण बघतं?

आणि जाहिरातीत "टीमचं कोचिंग" किंवा "तबेल्याचं दैनंदिन व्यवस्थापन" असे शब्द असतील तर ती खरं म्हणजे दोन नोकऱ्यांची एक जागा आहे. घेऊ नका असं नाही, माहीत असू द्या.

८. अर्ज आणि कॅम्पस व्हिजिट

लागतं काय: कव्हर लेटर, सीव्ही, टीचिंग फिलॉसॉफी, रिसर्च स्टेटमेंट, असेल तर एक्स्टेन्शन स्टेटमेंट, ट्रान्सक्रिप्ट, तीन-चार संदर्भ व्यक्ती. टीचिंग फिलॉसॉफीत मोठे सिद्धांत नकोत. तुमच्या लॅबमध्ये पहिल्या दिवशी विद्यार्थी घोड्याजवळ कसा जातो, दहाव्या आठवड्यात काय करू शकतो, ते कसं तपासता, हे लिहा.

आधी व्हिडिओवर अर्धा तास, मग दीड-दोन दिवस कॅम्पसवर. एक संशोधनाचा सेमिनार, एक टीचिंग डेमो, आणि दिवसभर भेटी. डेमोला एकच छोटी गोष्ट घ्या. बॉडी कंडिशन स्कोअर छान जमतो: बरगड्या, मान, खांदा, पाठ, शेपटीचं मूळ, हात लावून बघायला लावा, प्रत्येकाला आकडा लिहायला लावा, मग आकडे वेगळे का आले यावर बोला. स्लाइड्सचा ढीग करू नका. घोडा मिळणार असेल तर आदल्या दिवशी त्याला भेटायची विनंती करा, आणि हेल्मेट, टाच असलेले बूट बॅगेत असू द्या.

बार्न मॅनेजरशी नीट बोला! उमेदवार डीनसमोर अदबीने बसतात आणि तबेला सांभाळणाऱ्या बाईकडे बघतही नाहीत, मग कमिटी तिचं मत विचारते. विद्यार्थ्यांबरोबर जेवण असतं तेही इंटरव्ह्यूच आहे.

आपल्या लोकांची आणखी एक सवय, स्वतःचं काम "आम्ही केलं", "सरांनी सांगितलं" असं मांडायचं. तिकडे ते ऐकणाऱ्याला कळतच नाही की तुम्ही नेमकं काय केलं. घोड्यांचं रक्त मी काढलं, डेटा मी चालवला, असं सरळ सांगा.

९. ऑफर आल्यावर, सही करायच्या आधी

पगारावर बोला, पण त्याहून जास्त या गोष्टींवर: स्टार्ट-अप निधी (स्वतःचं संशोधन उभं करायला विद्यापीठ देतं तो पैसा) किती, संशोधनाला किती घोडे वापरता येतील आणि त्यांच्या चाऱ्याचा रोजचा खर्च कुणाच्या खात्यातून, पहिल्या वर्षी किती कोर्स, उन्हाळ्याचा पगार, आणि घोडी व्यायला आली की रात्रीच्या पाळ्या कुणाच्या. ख्रिसमसच्या सुट्टीत गाव रिकामं होतं, विद्यार्थी घरी जातात, घोड्यांना सकाळ-संध्याकाळ घालायचं कुणी हे नव्या आणि एकट्या प्राध्यापकाकडे आपोआप येतं. ते लेखी ठरवून घ्या.

व्हिसाचं तेव्हाच विचारा. विद्यापीठांना एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची वार्षिक मर्यादा लागू नसते, म्हणजे लॉटरी नाही, पण नियम आणि फी बदलत राहतात, त्यामुळे इंटरनॅशनल ऑफिसकडून त्या महिन्याची स्थिती घ्या. ग्रीन कार्डसाठी कॉलेजात शिकवणाऱ्यांना एक खास सोय आहे: देशभर जाहिरात देऊन, स्पर्धेतून निवड झाली असेल तर तीच भरती लेबर सर्टिफिकेशनला (ग्रीन कार्डआधी लागणारी कामगार खात्याची मंजुरी) धरता येते, पुन्हा जाहिरात द्यायला लागत नाही. पण निवडीच्या तारखेपासून १८ महिन्यांच्या आत तो अर्ज जायला हवा. डिपार्टमेंटला हे बऱ्याचदा माहीत नसतं आणि एचआरला वाटतं डिपार्टमेंट बघतंय. निवडीची तारीख कॅलेंडरवर लिहा, जाहिरात जिथे जिथे आली त्याच्या प्रती स्वतःकडे ठेवा, आणि रुजू झाल्यावर पहिल्याच सेमिस्टरमध्ये हा विषय काढा.